ऐकलं म्हणून एक हॉर्न

तिथे धुकं दुपारी येतं. सकाळभर ऊन लख्ख असतं, आणि जेवणं आटोपली की दरीतून पांढरं काहीतरी सावकाश वर चढू लागतं. आधी वळणावरची पाण्याची टाकी जाते, मग रस्ता, मग समोरच्या लॉजची पाटी, आणि शेवटी ते गॅरेजच्या दारात गिऱ्हाइकासारखं येऊन उभं राहतं. गॅरेज चालवणाऱ्या बाईला त्याचं काही वाटत नसे. लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी थट्टेने म्हटलं होतं. पुढे थट्टा विरली आणि नाव तेवढं राहिलं.

गुरांचा डॉक्टर गाडी घेऊन आला तेव्हा अजून ऊन होतं. गाडी जुनी, हिरवी, चारही चाकांना ताकद देणारी, पुढे गंजलेली विंच, म्हणजे तार गुंडाळून ओझं ओढायचा रहाट, लावलेली. वाडीवस्त्यांवर जायला रस्ता नसतो, म्हणून त्याने ती नुकतीच घेतली होती.

"बाई, हिला वेड लागलंय," डॉक्टर उतरता उतरता म्हणाला. "नुसती उभी असते, माझा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, आणि रेस आपोआप वर जाते. खाली येते. पुन्हा वर. परवा एका गोठ्यासमोर उभी केली, तर गाय दावं तोडून पळाली."

"कितव्या हाताची घेतलीत?"

"विकणारा म्हणतो तिसऱ्या. मला तर जास्त वाटतात. गाडी कसली, धर्मशाळा आहे."

"आणखी कुणाला दाखवली?"

"तिघांना. एकाने फिल्टर बदलला, एकाने पंप उतरवून पुन्हा चढवला, तिसरा म्हणाला, विकून टाका."

"तिसरा हुशार," मिस्त्रीणबाई म्हणाली. डॉक्टर हसला, किल्ली तिच्या हातात देऊन दोन दिवसांनी येतो म्हणाला आणि बॅग खांद्याला अडकवून पायीच खाली गेला.

आधी हात खिशात, मग कान, मग डोळे, आणि पाना सगळ्यात शेवटी. ही तिची पद्धत होती. म्हणजे खरं तर नवऱ्याची. उंचीमुळे गाव त्याला लंबू म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी लंबू घर सोडून गेला, समोरच्या लॉजवर स्वयंपाक करणाऱ्या बाईबरोबर. निदान तिच्या धाकट्या भावाने तसं येऊन सांगितलं. दुपारच्या बसमध्ये दोघांना बसताना त्याने स्वतः पाहिलं होतं. लॉजवरची बाई खरोखरच त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेली होती, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. मिस्त्रीणबाईने नवऱ्याचे कपडे अंगणात जाळले, बूट दरीत भिरकावले. पद्धत तेवढी जाळता आली नाही. हातात मुरलेली विद्या कशी जाळणार? रोज पाना उचलताना तो आठवायचा, आणि रोज नव्याने अंगाची आग व्हायची.

तिने गाडी चालू केली. इंजिन गार होतं तोवर सगळं गोड होतं. ती बाकावर बसून ऐकत राहिली. दारात धुकं आलं, आतला बल्ब पिवळा दिसू लागला, इंजिन तापलं, आणि मग ते सुरू झालं.

आवाज चढला. उतरला. क्षणभर थांबून पुन्हा चढला. बॉनेट हलत होतं, खालच्या ट्रेमधले नटबोल्ट किणकिणत होते. प्रत्येक वेळी आवाज चढला की डिझेलच्या वासाखालून आणखी एक वास यायचा, ओल्या, गार मातीचा. नुकत्याच उपसलेल्या खड्ड्यात वाकून पाहिलं की येतो तसा.

एअर घेत असेल, तिने मनाशी म्हटलं. डिझेलच्या नळीला कुठे बारीक चीर पडली की इंधनाबरोबर हवाही आत जाते, आणि मग इंजिनाला धाप लागते. तिने फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. डिझेल काचेसारखं स्वच्छ जात होतं, बुडबुडा औषधालाही नव्हता. मग तिने टाकीच वगळली. डिझेलचा डबा वर टांगून नळी सरळ पंपाला दिली. तरी रेस वर, खाली, वर.

आता राहिली दांडी. पंपाच्या अंगाला एक लहानशी दांडी असते. ॲक्सिलरेटर दाबला की वायर ती दांडी ओढते आणि रेस वाढते. रेस खालीवर होत असताना दांडी स्थिर असेल, तर दोष पंपाच्या पोटात. दांडीच हलत असेल, तर तिला बाहेरून काहीतरी हलवतंय. "आधी दांडी बघ, मग पंपाला शिव्या दे," असं लंबू म्हणायचा. ती जागा अडचणीची असते, तिथे मान घालायचा कंटाळा येतो, म्हणून बहुतेक जण शिव्यांपासूनच सुरुवात करतात.

तिने काडीला बांधलेला आरसा आत सरकवला आणि बॅटरीचा झोत टाकला. दांडी हलत होती. थरथरत नव्हती, ओढली जात होती. ओढ, आणि सोड.

तिने ॲक्सिलरेटरची वायर काढून टाकली. दांडी हलतच राहिली. तिला आणखी एक वायर जोडलेली होती, जुनी, गंजकट, पत्र्यातल्या भोकातून आत केबिनमध्ये गेलेली. हाताचा थ्रॉटल. विंच चालवताना पाय मोकळा राहावा म्हणून अशा गाड्यांना डॅशबोर्डखाली एक खुंटी असते. ती बाहेर ओढली की रेस चढते.

मिस्त्रीणबाई केबिनमध्ये पाठीवर आडवी झाली आणि खुंटीकडे पाहू लागली. खुंटी एका पट्टीत बसवलेली होती. पट्टी म्हणजे रिंग पान्याचं कापलेलं टोक, वेल्डिंगने डकवलेलं. वेल्डिंगचा डाग डावीकडे जाड आणि उजवीकडे निमुळता होता. डावखुऱ्या माणसाचा डाग असाच पडतो.

ती डावखुरी होती. डाग तिचा होता.

तिने नखाने पत्र्यावरचा हिरवा रंग खरवडला. खाली पांढरा निघाला. लंबूचीच पांढरी गाडी! आधी तिला नुसता संताप आला. जिला गावाबाहेर घालवून सहा वर्षं झाली, ती फिरून फिरून आपल्याच दारात यावी, आणि आपणच तिची नाडी बघत बसावं? तो गेल्यावर आठवडाभरात धाकट्याने ती विकून टाकली होती. "ताई, ती गाडी तुझ्या डोळ्यांसमोर नको," म्हणाला होता. किती जीव लावतो, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

तेवढ्यात तिच्या नाकासमोर खुंटी बाहेर आली. कुणी हात लावला नव्हता. खुंटीच्या भोकात नायलॉनच्या दोरीचा बोटभर तुकडा अडकलेला होता. तो तुकडा ताठ झाला, दाराच्या दिशेने, धुक्याच्या दिशेने ताणून उभा राहिला. मग लुळा पडला आणि खुंटी आत गेली.

ती तशीच पडून राहिली. आता ती रेस ऐकत नव्हती, दोरी वाचत होती.

हे इथे सांगायला हवं. लंबू आणि धाकटा अडकलेल्या गाड्या ओढून काढायचं काम करत. एक जण विंचची तार आणि आकडा घेऊन दरीत उतरे, दुसरा वर गाडीत बसे. धुक्यात एकमेकांना दिसायचं नाही, वाऱ्यात हाक पोचायची नाही. म्हणून लंबूने एक युक्ती काढली होती. खालच्याच्या मनगटाला लांब दोरी, दोरीचं दुसरं टोक वर या खुंटीला. खालून झटका दिला की इंजिनच ओरडणार, मग वरचा डुलक्या काढत असला तरी त्याला कळणारच. दोन झटके म्हणजे ओढ. एक लांब म्हणजे थांब. तीन लहान आणि मग ताणून धरलं, तर त्याचा अर्थ, अडकलोय, सोडू नको. वरच्याने दर वेळी एक आखूड हॉर्न द्यायचा. ऐकलं. हॉर्न ऐकू येईपर्यंत खालच्याने झटके देत राहायचं, हा नियम.

लग्नानंतर सुरुवातीला ती स्वतः वर बसायची. तेव्हा आणखी एक खूण होती, त्यांच्या दोघांतली. धाकट्याला ती कधी कळलीच नाही. एक लांब आणि एक अगदी बारीक, चिमटा काढल्यासारखा. काम झालं, चहा ओत, आलोच.

आता इंजिन ओरडत होतं: तीन लहान, आणि ताणून धरलेलं. पुन्हा तीन लहान, आणि ताणून धरलेलं.

मिस्त्रीणबाईचा हात वर गेला. तिने एक आखूड हॉर्न दिला.

रेस बसली. इंजिन एका लयीत शांत चालू लागलं, कुणीतरी सुस्कारा टाकून वाट पाहावी तसं.

बऱ्याच वेळाने ती उतरली आणि पुढे जाऊन विंचचा ड्रम फिरवला. पोलादी तार ताणाने तुटली की तिचे धागे पिंजारतात, झाडूसारखे होतात. ही तार पिंजारलेली नव्हती. सगळे धागे एका रेषेत होते. कटरने कापलेली होती.

तिला रडू आलं नाही. सहा वर्षं नवऱ्याने फसवलं म्हणून जळत होती. आता तो राग कुठे ठेवावा हेच तिला कळेना. आणि ज्याच्यावर तो जायला हवा होता, तो रोज संध्याकाळी तिच्याच ताटाशेजारी ताट घेऊन बसत होता.

धाकटा आला तेव्हा धुकं आत शिरलं होतं. त्याने टोइंग व्हॅन बाहेर लावली, हात धुतले, डब्याचं झाकण उघडून वास घेतला. हिरव्या गाडीकडे त्याने दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. रंग माणसाला किती सहज फसवतो.

"डॉक्टरची आहे," ती म्हणाली. "स्लो बसत नाही, रेस आपोआप चढते. जरा बसून बघ ना, मला काही उमगत नाहीये."

"तुला उमगत नाही म्हणजे कमालच," तो हसत म्हणाला आणि स्टिअरिंगपाशी बसला. बॉनेट अजून उघडंच होतं, त्यामुळे समोरची विंच त्याला दिसली नाही. तिने खिडकीतून हात घालून इंजिन चालू केलं आणि हात किल्लीवरच ठेवला. ते तापलेलंच होतं.

रेस चढली. उतरली. तीन लहान, आणि ताणून धरलेलं.

धाकटा काही बोलत होता, व्हॅनच्या टायरबद्दल. बोलता बोलता त्याचा अंगठा आपोआप हॉर्नवर गेला आणि त्याने एक आखूड हॉर्न दिला.

रेस बसली. धाकट्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

"हॉर्न का दिलास?" तिने विचारलं.

त्याने हात मागे घेतला. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो त्याकडे पाहत राहिला.

"का दिलास रे?"

"सवय…" तो पुटपुटला. मग त्याची नजर खाली गेली, खुंटीकडे, पट्टीकडे, दोरीच्या तुकड्याकडे. तो तुकडा हळूहळू ताठ होत होता.

"ताई… ही गाडी…"

"हो."

"बंद कर. आधी बंद कर ती."

"सांग," ती म्हणाली. "सांगितलंस की करते."

त्याने सांगितलं. तुकड्यातुकड्याने, भिंतीकडे पाहत, कपाटाकडे पाहत, तिच्याकडे सोडून सगळीकडे पाहत. दरीत एक उलटलेली जुनी गाडी वर्षानुवर्षं पडून होती, बेवारशी. सुटे भाग मिळतील म्हणून दोघे कुणालाही न सांगता गेले. लंबू उतरला, आकडा लावला. ओढताना खालचं धूड कलंडलं आणि घसरू लागलं. तारेबरोबर वरची गाडीही कड्याकडे सरकू लागली.

"मी घाबरलो, ताई… तार कापली."

खरं सांगायचं तर एवढं तिने माफ केलं असतं. जीव वाचवायला हात काय करतो हे हातालाही कळत नाही. तो तेव्हाच धावत येऊन रडला असता, तर तिने त्याला पोटाशी धरलं असतं.

"मग?"

"मग काय…"

"तार कापलीस. मग?"

धाकटा खुंटीकडे पाहत राहिला.

"रेस… चालूच होती."

इंजिन चढलं, उतरलं.

"तो जिवंत होता," ती म्हणाली.

"मला काय माहीत! दोरी दगडात अडकली असेल… वारा असेल… तीन-तीन झटके येत होते, ताई, सारखे, सारखे… मला ऐकवेना. मी इंजिन बंद केलं. मग दोरीही कापली."

"आणि घरी येऊन म्हणालास, बसने गेले."

"तू विचारलंस ना, दाजी कुठायत… तोंडातून निघून गेलं. मग तू इतकी चिडलीस, कपडेच जाळलेस, मग मला खरं सांगताच आलं नाही."

म्हणजे तेही तिच्याच माथी. मिस्त्रीणबाई हसली, आणि ते हसू पाहून धाकटा गाडीच्या पलीकडच्या दारापर्यंत मागे सरला. सहा वर्षं लोकांनी तिला पाठीमागे नावं ठेवली, नवरा टिकवता आला नाही म्हणाले. हा शेजारी उभा राहून ऐकत होता. वर तिची समजूतही घालत होता. "जाऊ दे ताई, तसल्या माणसासाठी काय रडायचं?" हेच शब्द, कितीदा तरी.

"पोलिसांना नंतर सांगू," ती म्हणाली. "आधी मला तिथे ने."

तिने ॲक्सिलरेटरची वायर आणि टाकीची नळी पुन्हा जोडली, विंचवर नवी तार चढवली, आकडा बसवला, खुंटीला नव्या दोरीचं भेंडोळं बांधलं. डॉक्टरची गाडी चाचणीला न्यायचा तिला हक्कच होता. धुक्यात दिव्यांचा उजेड हातभर पुढे जाऊन परत येत होता. गाडी चालत असताना रेस अगदी शहाण्यासारखी वागत होती.

कड्याजवळ तिने गाडी उभी केली, चाकांखाली दगड लावले. खाली काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा अंधार. दोरीचं टोक तिने धाकट्याच्या मनगटाला बांधलं, लंबू बांधायचा तशा गाठीने.

"खाली जायचं. तो दिसला की आकडा त्या धुडाला लावायचा आणि दोन झटके द्यायचे. एवढंच कर. एवढं तरी कर."

"ताई, माझ्याच्याने…"

"जा."

आकडा खांद्यावर घेऊन तो उतरू लागला. पहिल्या वळणाच्या खडकापाशी धुक्याने त्याला मिटवलं. ती गाडीत जाऊन बसली. भेंडोळं सुटत होतं, तार सरकत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सरकत होती. इंजिन संथ चाललं होतं. ती खुंटीकडे पाहत बसली, नव्या नवरीसारखी दोन्ही हात मांडीवर ठेवून.

खुंटी बाहेर आली. आत गेली. पुन्हा बाहेर आली.

दोन झटके. ओढ.

पोहोचला म्हणजे. तिच्या डोळ्यांतून तेव्हा कुठे पाणी आलं. भाऊ शेवटी भाऊच, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. तिने एक आखूड हॉर्न दिला आणि विंच सुरू केली. तार ताठ झाली. ड्रम कण्हला, गाडीचं नाक खाली दबलं. खाली वजन होतं, खरंखुरं वजन, आणि ते वर येत होतं. उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा वास आत आला.

खुंटी पुन्हा बाहेर आली. या वेळी सावकाश, लांब. आणि मग एक अगदी बारीक, चिमटा काढल्यासारखा.

काम झालं. चहा ओत. आलोच.

ही खूण धाकट्याला माहीत नव्हती.

"ताई…"

आवाज खालून आला नव्हता. खिडकीशेजारून आला होता. धाकटा तिथे उभा होता. कपडे कोरडे, बुटांना चिखल नाही. मनगटात दोरीचा नुसता वेढा, पुढचं टोक चाकूने कापलेलं.

"ताई, मी गेलोच नाही… खडकामागे बसलो होतो. आकडा खाली सोडून दिला. दोरी कापून सोडून दिली. खाली कुणी नाहीये, ताई… कुणीच नाही… तू कुणाला ओढतेयस?"

मिस्त्रीणबाईने त्याच्याकडे वळून पाहिलं. भीती वाटायला हवी होती, पण तिला आधी लाज वाटली. याच्यावर आपण पुन्हा विश्वास ठेवला, सगळं कळल्यानंतरही.

खुंटी बाहेर आली. लांब. बारीक.

"येतोय तो," ती म्हणाली.

धाकटा किंचाळला. त्याने खिडकीतून अर्धं अंग आत घातलं, तिच्या अंगावरून हात लांबवला आणि किल्ली फिरवून उपसून घेतली. तेव्हाही त्याला हेच सुचलं होतं, आत्ताही हेच सुचलं.

इंजिन बंद झालं. ड्रम थांबला. एवढी शांतता झाली की बॉनेटखालचं तापलेलं लोखंड टकटक करत निवत होतं तेही ऐकू येऊ लागलं. खुंटी हलली, एकदा, दोनदा. पण आता इंजिन ओरडणार कसं? खालच्याला वर कळवायला आता एकच जागा उरली होती.

धाकट्याचं मनगट झटकन मागे ओढलं गेलं.

वेढ्याला दोरी नव्हती. कापलेलं टोक बोटभरही नव्हतं, पण ते ताठ झालं होतं, कड्याच्या दिशेने. एक झटका, दुसरा, तिसरा. आणि मग ताण, न सुटणारा. किल्ली त्याच्या हातून पडली. त्याच्या बुटांच्या टाचा मुरमात रेघा काढत मागे सरकू लागल्या.

"ताई… धर… ताई, सोडू नको!"

ती दार लोटून बाहेर पडली आणि तिने त्याचा पट्टा धरला. एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा पट्ट्याला. विचार केला नाही. ती सोडणाऱ्यांतली नव्हती, एवढंच. या गोष्टीचा तिला पुढे फार राग यायचा.

किती वेळ गेला कोण जाणे. बोटांची जाणीव गेली, दिवस मावळला, आणि केव्हातरी तो ताण सैल पडला. धाकटा जमिनीवर बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. तिने त्याची पाठ थोपटली नाही.

दुसऱ्या दिवशी गिर्यारोहणाचं पथक दोर लावून खाली उतरलं. लंबू सापडला. धुडाखाली पाय अडकलेला, पाठ खडकाला टेकलेली, तोंड वर, कड्याकडे. त्याच्याजवळ जुन्या दोरीचं कुजलेलं वेटोळं होतं. पथकातल्या माणसाने बाईला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडून आधी कोण खाली उतरलं होतं? कारण नव्या तारेचा आकडा धुडाच्या चासीला अगदी योग्य जागी लावलेला होता, खटका नीट बंद करून. आणि नव्या दोरीचं टोक त्याच्या मनगटाच्या हाडाला बांधलेलं होतं. गाठ पक्की होती. तिने गाठ पाहिली, लंबू बांधायचा तशीच, आणि कुणीही नाही, असं सांगितलं.

धाकट्याने पोलिसांपुढे सगळं कबूल केलं. डॉक्टरला गाडी परत मिळाली. हाताच्या थ्रॉटलची वायर अडकत होती, काढून टाकली, असं मिस्त्रीणबाई म्हणाली. त्याने इंजिन तापवून पाहिलं. स्लो अशी बसली होती की बॉनेटवर ठेवलेल्या कपातला चहा हलत नव्हता.

काही दिवसांनी ती धाकट्याचे कपडे द्यायला चौकीवर गेली. डॉक्टर त्याच बाजूला निघाला होता, त्याने तिला सोडलं आणि बाहेर गाडी चालू ठेवून थांबला. हवालदाराने पिशवीतले कपडे काढून उलटेपालटे करून पाहिले, रिकामी पिशवी परत दिली आणि मग जरा घुटमळला.

"बाई, एक विचारू? तुमच्या भावाला काही आजार आहे का? मनगटातली ती दोरी आम्ही पहिल्याच दिवशी कापून काढली. पण त्याचा हात… झोपेत ओढला जातो. तीन झटके बसतात आणि मग हात ताणलेला राहतो, भिंतीकडे. रात्रभर असंच चालतं. आम्ही दोघांनी धरून पाहिला, वाकत नाही. तो रडतो नुसता. म्हणतो, ताईला कळेल, ताईला विचारा. काय आहे ते?"

मिस्त्रीणबाईने पिशवीची घडी करून काखेत धरली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

ती बाहेर येऊन गाडीत बसली. धुकं चढत होतं. चौकीच्या मागच्या गजांच्या खिडकीतून कुणीतरी ताई, ताई म्हणत होतं. डॉक्टर काच पुसायला खाली उतरला होता. तिचा हात सवयीने हॉर्नपर्यंत गेला होता. आखूडसा एक पुरला असता.

तिने हात परत मांडीवर आणला.

"चला, डॉक्टर," ती म्हणाली. "उशीर होतोय."